गिलक्याचं माकूल

काकू, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा हक्क माझा नाही. मी तुमचा कुणी लागत नाही. लोधीपुऱ्यातल्या तुमच्या घराच्या वरच्या खोलीत राहणारा, निंबोल्याहून शिकायला आलेला भाडेकरू, एवढंच माझं नातं. लिहायला हवं होतं सुनीताताईंनी. त्या तुमची मुलगी आहेत, आणि मला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांना माहीत आहेत. पण इंदूरला परत जाण्याआधी त्या जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "योगेश, कॉलनीच्या अंकासाठी तू लिही. मी लिहायला बसले की कागद ओला होतो. आणि मराठी घेऊन बी.ए. तू करतोयस."

कागद कारखान्याच्या जुन्या कॉलनीतली मंडळी दर वर्षी काढतात तो अंक तुम्ही मला दाखवला होता. त्यात गेलेल्या माणसांची पानं असतात. कुठे जन्म, किती वर्षं नोकरी, मागे कोण कोण. तुम्ही ती पानं वाचून म्हणायचात की यातला एकही माणूस जेवलेला दिसत नाही. म्हणून मी तुमच्या जन्मगावापासून सुरुवात करत नाही. मी जेवणापासून करतो. चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरात कॉलेजात पाय ठेवणारा मी पहिला, आणि छापण्यासाठी लिहिणाराही पहिलाच.

तुम्ही असतात तर हे पान आधी तुमच्या हातात दिलं असतं. माझ्या बोलण्यातली हिंदी तुम्ही लगेच पकडायचात. पहिल्या आठवड्यात तुम्ही खालून हाक मारलीत आणि मी वरून म्हणालो, "येऊन राहिलो, काकू." तुम्ही जिन्याखाली उभ्या राहून विचारलंत, "येतोस की राहिलास? एकदा काय ते ठरव." मला काय चुकलं तेच कळलं नाही. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. मग तुम्ही स्वतः मासेवाल्या सलीमभाईंशी बोलताना "भैया, थोडा साफ करके द्या ना" म्हणालात, तेव्हा मी हसलो नाही. नवीन होतो. आता हसलो असतो.

ती हाक मारलीत त्या दिवशी तुम्ही मला गिलकी चिरायला बसवलं होतं. तुम्ही त्याला घोसाळी म्हणायचात. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो, काकू, इतवाऱ्याच्या बाजारात जाऊन घोसाळी मागा, कुणी देणार नाही. तुम्ही म्हणायचात, नाव विकणाऱ्याचं नसतं, खाणाऱ्याचं असतं. पण खरी गंमत वेगळीच होती. तुमच्या घरात त्या गिलक्याला आणखी एक नाव होतं. कोवळी, सरळ, दोन बोटं जाडीची गिलकी घ्यायची, दोन तुकडे करायचे, आतला गर चमच्याच्या दांड्यानं काढून नळी करायची, त्यात ओलं खोबरं, कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर आणि कोकमाचं आगळ यांचं सारण भरायचं, तोंडाला काडी टोचायची आणि तव्यावर झाकण ठेवून मऊ होऊ द्यायचं. याला तुम्ही म्हणायचात माकूल.

मी अर्थ विचारला. तुम्ही सांगितलंत की माकूल हा समुद्रातला प्राणी. अंग पिशवीसारखं, तोंडाशी दोऱ्यांसारखे पाय. तुमच्या माहेरी, मुरूडच्या बाजूला, त्याच्या पिशवीत त्याच्याच पायांचं सारण भरतात. लग्न होऊन कारखान्याच्या कॉलनीत आलात तेव्हा इथं तापीचे मासे मिळत होते, बर्फातला बांगडा कधीमधी मिळत होता, पण माकूल कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मग तुम्ही गिलक्याची पिशवी केलीत. सारणात सुकट घातलीत की वास जवळपास तोच येतो, असं तुम्ही म्हणायचात. सुनीताताई लहानपणापासून त्यालाच माकूल समजत आल्या. त्यांची मुलगी तर इंदूरला शाळेत बाईंना सांगून आली की माकूल वेलीवर लागतं. ते सांगताना तुम्हाला हसू आवरायचं नाही. हसून झालं की तुम्ही हातातलं गिलकं खाली ठेवायचात. तेव्हा मला वाटायचं, दमलात.

मी सुकट खात नव्हतो. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हे मी तुम्हाला फार घाबरत सांगितलं होतं. वाटलं, खोली सोडायला सांगाल. तुम्ही विचारलंत, "खोबरं चालतं ना?" आणि दुसरा तवा काढलात. माझी गिलकी बिनसुकटीची, त्यांना दोन काड्या फुलीसारख्या टोचलेल्या. तुमच्या गिलक्यांना एकच काडी. एकीकडचं चुकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून ही खूण. मला अजून आठवतं, पहिल्याच वेळी तुम्ही बजावलंत, "एका काडीचं दिसलं की हात मागे. तुझ्या आईला तोंड दाखवायचंय मला." आई तुम्हाला तोवर भेटलीही नव्हती.

काड्या बाजारातून आणायचात त्या प्लॅस्टिकच्या डबीतल्या, तव्यावर काळ्या पडायच्या. मी घरून पऱ्हाटीच्या आणल्या. कापूस वेचून झाला की झाड वाळतं, ती पऱ्हाटी. आमच्याकडे तिचं जळण होतं. मी बारीक फांद्या तासून, टोक काढून, धुऊन वाळवून जुडी बांधून आणली. तुम्ही एक काडी नाकाशी धरलीत आणि म्हणालात की हिला शेताचा वास आहे. मग गावाहून येताना काड्या आणणं हे माझं कामच झालं. आई विचारायची, शिकायला जातो का काड्या विकायला.

काकू, आता इतवाऱ्याची गोष्ट. ती तुम्ही येईल त्याला सांगायचात, पण दर वेळी तुम्ही त्यात शहाण्या असायचात. मी तिथं होतो, म्हणून खरी लिहितो. सलीमभाईंच्या दुकानात त्या दिवशी मुंबईहून बर्फातली पेटी आली होती. तुम्ही पिशवी सांभाळत पुढे झालात आणि विचारलंत, "भैया, माकूल है क्या?"

"बिल्कुल माकूल है, अम्मा. पूरे इतवारे में पूछ लो."

"कहाँ है? दिखाओ."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. "क्या दिखाऊँ, अम्मा?"

"माकूल."

"अम्मा, दाम माकूल होता है. वो बोलने की चीज़ है, दिखाने की थोड़ी."

मला समजलं, कारण आमच्या कॉलेजात उर्दूवाली मुलं आहेत. त्यांच्या भाषेत माकूल म्हणजे रास्त, योग्य. माकूल जवाब, माकूल दाम. मी तुमच्या कानाशी सांगितलं. पण तुम्ही ऐकायला तयार नव्हता. तुम्ही उजवा हात वर करून बोटं खाली सोडलीत आणि हलवलीत, "ऐसे पाँव, ऐसे." सलीमभाई म्हणाले की असलं काही पाण्यात असेल तर ते आजपासून नदीत उतरणार नाहीत. सगळं दुकान हसलं. शेवटी मी मोबाईलवर चित्र काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, बम्बई बोलून बघतो, आलं तर आलं. तुमचा फोन तुम्हाला ऐकू यायचा नाही, म्हणून त्यांनी माझा नंबर लिहून घेतला, आणि नावापुढे काय लिहावं ते त्यांना सुचेना. मी वाकून पाहिलं. "अम्मा माकूल" असं लिहिलं होतं.

येताना रिक्षात तुम्ही मला ती भुसावळची गोष्ट सांगितलीत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघताना तुमच्या आईनं भरलेलं माकूल केलं होतं. तुम्हाला रडण्यात घास गेला नाही. आईनं डब्यात बांधून दिलं, गाडीत खा म्हणून. लाजेनं तुम्ही नवऱ्यासमोर डबा उघडला नाहीत. भुसावळ येईपर्यंत उन्हानं वास सुटला. गाडीतली सगळी माणसं नाकाला रुमाल लावून बसली, आणि काकांनी तो डबा खिडकीबाहेर रिकामा केला. "तेव्हापासून भुसावळ आलं की मी दुसरीकडे बघते," असं म्हणून तुम्ही हसलात. मी पण हसलो. रिक्षा लोधीपुऱ्यात वळली तेव्हा तुम्ही बाहेर बघत होता. काकांचा राग होता का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. तुम्ही खरं सांगितलं असतंत.

माकूल खरोखर आलं त्या दिवशी तुम्ही सकाळपासून पातळ बदलून तयार होता, जसं कुणी पाहुणा उतरणार आहे. मागच्या मोरीपाशी पाट टाकून बसलात. मी लांब उभा होतो, वास सहन होईल की नाही या भीतीनं. तुम्ही एकेकाचं डोकं धरून ओढलंत तसं आतलं सगळं बाहेर आलं. मग बोट घालून काचेसारखं एक लांब पातं काढलंत, पारदर्शक, टोकाला निमुळतं.

"हे बघ, पेन. आणि ही पिशवी शाईची." तुमची बोटं काळी झाली होती. "दोन्ही घेऊन फिरतं रे हे. तुझ्या कॉलेजात घाल याला. तू तर पेन पण माझंच नेतोस."

ते पातं तुम्ही धुऊन मला दिलंत. मी ते खिडकीत वाळत ठेवलं. वाळून वळलंय आता, पण आहे.

मग तुम्ही मला जवळ बोलावलंत, कारण पिशवी धरायला दुसरा हात हवा होता. मी धरली. थंडगार, गुळगुळीत. मला वाटलं होतं किळस येईल. आली नाही, याचंच नवल वाटत राहिलं. सारण भरायला तुम्ही मला दिलंत आणि मी नेहमीच्या हातानं गच्च भरलं, गिलक्यात भरतो तसं. पहिलंच तव्यावर टाकलं आणि ते आखडत गेलं, आखडत गेलं आणि बाजूनं फुटलं. तुम्ही हसलात. "गिलक्याचा हात आहे तुझा. याला अर्धं रिकामं सोडायचं. आखडतं ते." पुढची मी सैल भरली, एकेक काडी टोचली. माझ्यासाठी दुसऱ्या तव्यावर दोन काड्यांची गिलकी होतीच. ती तुम्ही त्या दिवशीही विसरला नाहीत.

जेवायला बसलो. तुम्ही पहिला घास घेतलात. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होतो. तुम्ही चावत राहिलात. बराच वेळ. मग ताटात पाहून म्हणालात, "रबर झालंय."

मला कळेना. वास छान होता, सारण तेच होतं.

"झाकण ठेवलं ना मी," तुम्ही म्हणालात. "याला झाकण लागत नाही. तवा कडक तापवायचा, इकडून तिकडून परतलं की काढायचं. आई तर झाकण हातातसुद्धा घ्यायची नाही." मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिलेत. "माझाही गिलक्याचाच झाला रे हात."

तुम्ही सगळं खाल्लंत. काही टाकलं नाहीत. पण ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते समोर आलं आणि तुमच्याच हातानं निसटलं, हे तुमच्या पाठीकडे बघून कळत होतं. भांडी घासताना तुम्ही तोच तवा पुन्हा पुन्हा घासत राहिलात. मी तर चवही घेतली नव्हती. मी म्हणालो, सारण तर तेच आहे, मी गिलक्यातलं खाल्लंय, म्हणजे मला चव माहीत आहे. तुम्ही वळून म्हणालात, "वासरू बघून म्हैस विकत घेशील तू." मग तुम्हालाच हसू आलं आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर आपला एकच विषय. तुम्ही सलीमभाईंना पुन्हा मागवायला सांगितलंत. ते म्हणाले, कधी येईल सांगता येत नाही, पण आलं की फोन करीन. तुम्ही चालता बोलता हातानं परतून दाखवायचात, इकडून तिकडून, झालं. आणि जिन्यातून मला ओरडून सांगायचात, "झाकण नाही, लक्षात ठेव." मी म्हणायचो, मी कशाला लक्षात ठेवू, तुम्ही आहात ना.

मग त्या दुपारी मी म्हणून गेलो की आता येईल तेव्हा मी पण खाईन. कसं म्हणालो माहीत नाही. तुम्ही एकट्या ताटावर बसलेल्या मला परत बघायच्या नव्हत्या, एवढंच. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. तुम्ही गिलकी निवडत होता, मान वर न करता विचारलंत, "आईला विचारलंस?"

"नाही."

"मग विचारून ये. लपवून खाणार असशील तर माझ्या घरात नको."

"ती नाही म्हणाली तर?"

"तर दुसरा तवा आहेच की. तो काय मी मोडीत काढलाय?" मग थोड्या वेळानं, अगदी हळू म्हणालात, "हो म्हणाल्या तर मात्र एकाच तव्यावर करू."

काकू, हे तुमचं शेवटचं सलग बोलणं माझ्या वाट्याला आलेलं. त्यानंतर मी केळीच्या कटाईला निंबोल्याला गेलो. घड उतरवायचे, गाडी भरायची, घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. मी रोज ठरवायचो, आज आईला विचारू. चुलीपाशी बसायचो. आई विचारायची, काय रे, काही पाहिजे का. मी म्हणायचो, नाही. शेतात फोन लागत नाही. संध्याकाळी रस्त्यावर आलो तेव्हा सुनीताताईंचे फोन येऊन गेलेले दिसले. मी परत लावला. त्या रडत नव्हत्या, म्हणून मला आधी कळलंच नाही त्या काय सांगतायत. सकाळी चहा ठेवलात आणि बसल्या जागी गेलात, असं त्या म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा तापीवरून सगळे परत आले होते. दाराशी चपलाच चपला होत्या आणि स्वयंपाकघरात ते दोन तवे भिंतीला टेकून उभे होते.

मी कुठं जाऊन रडावं ते मला समजेना. घरचे लोक होते, मी घरचा नव्हतो. वर जाऊन बसलो. कुणीतरी येऊन म्हणालं की भाडेकरू मुलाला चहा द्या.

आईला मी नंतर सगळं सांगितलं. घाबरत घाबरत, माकूल म्हणजे काय तिथपासून. माकूल खाण्याची परवानगी मागायची होती ती आता कशासाठी मागायची तेही सांगता येईना. ती ऐकत राहिली. काड्यांची जुडी कुणासाठी जायची ते तिला तेव्हा कळलं. दोन काड्यांचं ऐकल्यावर ती थांबली, तिनं परत विचारलं, "येगळ्या तव्यावर करे ती? तुह्यासाठी?" मी हो म्हणालो. मग ती उठून कामाला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "माळ माह्या गळ्यात आहे, तुह्या नाही. तिनं बोलावलं व्हतं, तं जाय जेवाले."

मी म्हणालो, आता कुठं जाऊ.

सुनीताताईंनी मला परीक्षेपर्यंत खोलीत राहा म्हणून सांगितलंय. खालची किल्ली माझ्याकडे आहे. मी स्वयंपाकघरात जातो, खिडकी उघडतो, परत लावतो. संध्याकाळी जिना चढताना अजून वाटतं, खालून कुणी विचारेल, येतोस की राहिलास. मी आता बरोबर बोलायला लागलोय, काकू. ऐकायला कुणी नाही. गिलकी एकदा केली मी. चव तीच आली, अगदी तीच, आणि त्यामुळे खाववेना. तुम्ही गिलक्यात काय शोधत होता ते त्या दिवशी मला थोडंसं कळलं. माझ्यासाठी तर गिलकंच माकूल आहे. मला त्याच्या मागचं काही आठवायला नाही, फक्त तुम्ही आहात.

हे इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. शेवट काय करावा सुचत नव्हतं. सुनीताताईंना पाठवून द्यावं, त्या करतील, असं ठरवून झोपलो.

आज सकाळी कॉलेजला निघताना फोन वाजला. सलीमभाई होते. लोधीपुऱ्यातून इतवाऱ्यात बातमी जायला वेळ लागत नाही, पण ही त्यांच्यापर्यंत कशी पोचली नाही देव जाणे. मागं बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. आवाजात मोठा आनंद होता. आता त्यांना तो शब्द बोलताना हसू येत नाही. तुमच्याच अर्थानं बोलतात ते.

"बेटा, अम्मा को बता देना. माकूल आ गया है. एकदम ताज़ा."

मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "जी, बता देता हूँ. मैं आ रहा हूँ लेने." फोन ठेवला. पऱ्हाटीच्या काड्या भिजत टाकल्या, प्रत्येकाला एकेकच. खाली जाऊन एक तवा काढला. झाकण फळीवरच ठेवलंय.

निरोप तुमच्यासाठी होता, म्हणून आधी तुम्हाला सांगतो, मग पिशवी घेऊन निघतो. काकू, माकूल आलंय.